चार चाकांची सोयरीक

परवा मंचरला टायरच्या दुकानात गेलो होतो. पुढचे दोन्ही टायर गुळगुळीत झाले होते, बदलणं भाग होतं. दुकानाच्या मालकांना सगळे शेठ म्हणतात. ते गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "सतरा इंचीच ठेवायचे ना? का आता परत एकोणीस टाकायचे? या गाडीला एकोणीसचाच डौल हाय, राव."

"सतराच," मी म्हणालो.

शेठ हसले. हवेचा पाइप गुंडाळता गुंडाळता त्यांनी विचारलं, "ते टोपीवाले बाबा कसे हैत?"

नाना गेले, हे मी त्यांना सांगितलं. पाइप खुंटीला अडकवून त्यांनी मला खुर्ची दिली, आणि काम होईपर्यंत आम्ही दोघं नानांबद्दलच बोलत बसलो. घरी आल्यावर वाटलं, हे लिहून ठेवावं.

नाना म्हणजे आमचे अवसरी बुद्रुकचे शेजारी. दोन घरांच्या मध्ये एक बोळ आणि त्या बोळात एक शेवग्याचं झाड, ज्याच्या शेंगा दोन्ही घरांत सारख्याच शिजायच्या. मूळचे ते जुन्नरच्या पश्चिमेच्या डोंगरातले. शाळेत शिपाई म्हणून इकडे आले, इथेच घर बांधलं, इथेच निवृत्त झाले. पण त्यांची ओळख शिपाई म्हणून कधीच नव्हती. डोंगरातून नोकरीसाठी मंचर, नारायणगाव, चाकणला उतरलेल्या त्यांच्या लोकांमध्ये नाना सोयरिकी जुळवायचे. यासाठी त्यांनी कधी कुणाकडून काही घेतलं नाही. लग्नात टोपी-उपरणं मिळायचं तेवढंच. त्या टोप्या त्यांना जन्मभर पुरल्या असत्या, पण ते वाटून टाकायचे. आमच्या गोठ्यातल्या गड्याच्या डोक्यावरसुद्धा नानांचीच टोपी असे.

चौकशी करण्याची त्यांची एक रीत होती. मुलाच्या घरी ते सगळ्यात शेवटी जात. आधी गावातला किराणावाला, मग न्हावी, मग शेजारी, मग गिरणी. एकच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारायचे. "पोरगा कसा हाय?" असं कधीच नाही. "त्यांच्याकडं गिरणीला दळण कोण घेऊन येतं?" असं विचारायचे. आईच येत असेल तर पुढचा प्रश्न, "आन् पोरगा तवा कुठं असतो?" समोरचा बोलत असताना ते डाव्या कानाची पाळी चोळत राहायचे. पाळी चोळणं थांबलं की समजायचं, नानांना हवं ते मिळालं.

एकदा नारायणगावच्या एका चांगल्या घरातलं स्थळ त्यांनी मोडलं. शिकलेला मुलगा, नोकरी, स्वतःचं घर. मुलीचा बाप नानांवर चिडला. मी तिथेच बसलो होतो.

"नाना, कारण तरी सांगा."

"त्यो गाडी आडवी लावतो," नाना म्हणाले.

"म्हंजे?"

"यष्टी स्टँडच्या भायेर मी तासभर उभा व्हतो. पोरगा आला, मोटरसायकल दुसऱ्याच्या वाटंत लावली आन् गेला निघून. मागं एक म्हातारा अडकला, त्याची सायकल निघंना. ह्यो परत आला, म्हाताऱ्याकडं बघितलं बी न्हाई. ज्याला गाडी लावता येत नाय, त्याच्या घरात तुझी पोरगी कुठं उभी ऱ्हाणार?"

मुलीचा बाप धुसफुसत गेला. पण स्थळ नाकारलंच त्याने.

आता माझ्याबद्दल थोडं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझ्या स्वभावात एक खोड आहे. कुठेही काही बिघडलं की ते माझ्यामुळेच बिघडलं असं मला वाटत राहतं. मी चाकणला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. पन्नाशीच्या जवळ आल्यावर मी एक गाडी घेतली. लाल रंग, काळं छत, मागे उतरती काच, आणि खाली एकोणीस इंची अलॉयची चाकं. त्या मॉडेलमधली सगळ्यात वरची गाडी. घेतली हौसेने, पण घरी आणल्या दिवसापासून मला तिची लाज वाटायला लागली. थोरला भाऊ अजून जुन्या पिकअपमधून बटाटे नेतो, आणि मी असल्या गाडीत. पारावरची मंडळीही सोडत नव्हती. "इलासशेठ, इमान कवा उतरवलं?" असं रोज कुणी ना कुणी विचारायचं. पुढे पुढे मी गाडी गावाबाहेरून, मळ्याच्या वाटेने घरी आणायला लागलो.

नानांना ही माझी खोड पाठ होती. ते म्हणायचे, "इलास, तू मेल्यावर यमाला म्हणशील, माफ करा हां, माझ्यापायी तुमाला हेलपाटा पडला."

नानांची बायको, आमची हौसाकाकू, घाटघरची. नाणेघाटाच्या अलीकडचं, डोंगरातलं गाव. तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तेव्हापासून तिने माहेर पाहिलं नव्हतं. एसटीचे धक्के तिला सोसत नसत. मग तिच्या थोरल्या भावाला, देवरामदादाला, अर्धांगाचा झटका आला. त्याला खाली आणणं शक्य नव्हतं, तिला वर जाणं शक्य नव्हतं. फोनवर दादाचं बोलणं तिला कळायचं नाही, तोंड वाकडं झालं होतं. ती नुसतीच "हां दादा, हां" म्हणत राहायची आणि फोन ठेवला की तडक मागच्या दारी जायची.

मी म्हणालो, "काकू, माझ्या गाडीतून जाऊ. एवढी मोठी गाडी आहे, धक्का लागणार नाही."

नानाही बरोबर आले. जुन्नरपर्यंत ठीक गेलं. आपटाळ्याच्या पुढे रस्ता उखडला होता. काकू मागच्या सीटवर, दारावरचं हँडल दोन्ही हातांनी धरून. मी जपून चालवत होतो, पण प्रत्येक खड्डा सरळ सीटमधून वर येत होता. चावंडच्या पुढे ती म्हणाली, "थांबव रे."

ती खाली उतरली आणि गाडीच्या दाराला टेकून उभी राहिली. चेहरा पांढरा पडला होता. समोर तिच्या माहेरचे डोंगर दिसत होते. बराच वेळ तिकडे बघून म्हणाली, "फिरव माघारी."

काकू त्यानंतर कित्येक दिवस अंथरुणावर होती. मी रोज जाऊन तिच्या उशाशी बसायचो आणि तीच मला म्हणायची, "तू नको वाईट वाटून घेऊ, बाळा." यमाचं ते वाक्य नानांनी तेव्हा पुन्हा एकदा ऐकवलं, पण या वेळी ते हसले नाहीत.

माझे टायर तसेही बदलायला आले होते. थोडं विचारल्यावर कळलं की धक्क्याचा मोठा भाग टायरमुळे असतो. मोठं रिम, त्यावर रबराची पातळ पट्टी. दिसायला देखणी, बसायला कडक. मी नानांना सांगितलं, "टायर बदलायचेच आहेत, तर मऊ बघून घेऊ. मग काकूला पुन्हा नेऊ."

नाना उठून उभे राहिले. "मंग नीट चौकशी करू," म्हणाले, आणि आत जाऊन टोपी घालून आले.

त्यानंतरचा महिना मी विसरणार नाही. नाना टायरच्या दुकानात जायला तयारच नव्हते. "दुकानदार म्हंजे पोराचा बाप. त्यो चांगलंच सांगणार." म्हणून आम्ही पुणे-नाशिक रस्त्यावर पेठजवळच्या एका हॉटेलसमोर जाऊन बसायचो. माझ्यासारखी गाडी येऊन थांबली की नाना उठायचे.

"पावणं, राम राम. गाडी आपलीच का?"

"हो. का?"

"न्हाई, टायर कुठलं हैत?"

"काय झालं, पंक्चर आहे का?"

"न्हाई वो. बसायला कशी हाय? मागं बसणारं काय म्हंतं?"

काही जण हसून सांगायचे. एका माणसाला वाटलं, नाना गाड्या चोरणाऱ्यांच्या टोळीतले आहेत. त्याने चहा अर्धा टाकला आणि गाडी घेऊन निघून गेला. नाना परत येऊन बसले आणि म्हणाले, "ह्याच्या घरी पोरगी द्यायची न्हाई."

एकाने खडबडीत, जाड नक्षीचे टायर घातले होते, चिखलात चालणारे. मला ते आवडले. डोंगराचा रस्ता, आपणही तसलेच घ्यावेत असं मी म्हणालो. नानांनी त्या माणसाला तीन तऱ्हांनी विचारलं तेव्हा तिसऱ्या वेळी त्याने कबूल केलं की डांबरावर घूंऽ आवाज येतो आणि गाडी कडक लागते. ते स्थळ तिथेच मोडलं.

शेवटी एका कंपनीचं नाव बहुतेकांच्या तोंडून चांगलं आलं. तेव्हा कुठे नाना मंचरला शेठच्या दुकानात आले. तिथे त्यांना टायरच्या अंगावरचे आकडे वाचायला शिकवावे लागले. २३५ म्हणजे रुंदी. पुढचा ५५ म्हणजे त्या रुंदीच्या मानाने रबराची उंची शेकडा किती. शेवटचा १९ म्हणजे रिम किती इंची. आणि एका कोपऱ्यात चार आकडे, कुठल्या वर्षी, कितव्या आठवड्यात टायर बनला ते.

"म्हंजे जन्मतारीख," नाना म्हणाले. "पत्रिकाच हाय की." मग त्यांनी रचलेल्या टायरांपुढे वाकून एकेकाची जन्मतारीख बघायला सुरुवात केली. "ह्यो थोराड हाय. ह्यो नको. ह्यो बी नको."

शेठ वैतागून म्हणाले, "बाबा, तुमाला टायर घ्यायचाय का सून?"

"सून बिघडली तर एक घर बिघडतं," नाना शांतपणे म्हणाले. "ह्यावर म्हातारी बसायचीय."

एकोणीस इंचीच, त्याच चांगल्या नावाच्या कंपनीचे, अगदी ताज्या जन्माचे चार टायर ठरले. नाना आणखी म्हणाले, "हवा जरा कमीच भरू, मऊ लागंल." शेठनी हात जोडले. कमी हवेने टायर कडेनं झिजतो, तापतो, खड्ड्यात रिमला मार बसतो. गाडीच्या दारावर जेवढी लिहिलीय तेवढीच. नानांनी ते मुकाट्याने मान्य केलं.

उद्या बसवायला येतो असं सांगून आम्ही घरी आलो. काकू ओट्यावर भिंतीला पाठ लावून लसूण सोलत बसली होती. नानांनी तिला सगळं रंगवून सांगितलं. पेठचं हॉटेल, पळून गेलेला माणूस, जन्मतारखा. ती ऐकत होती. सगळं संपल्यावर म्हणाली, "सगळ्या रस्त्याला इचारून आलात. मला कुणी इचारलं?"

नाना कान चोळायचे थांबले.

"तुला काय इचारायचं? तुझ्यासाठीच तर चाललंय."

"आवं, ढोरांच्या डाक्टरची गाडी हाय ना, अशीच, पांढरी? तुमी गावाला गेल्ता तवा त्यांनीच मला तपासायला मंचरला न्हेलं व्हतं. आपल्या वाडीचा तो खड्ड्याचा रस्ता. मला काय बी दुखलं न्हाई. मी म्हनलं बी व्हतं तुमाला. तुमी न्हाव्याचं ऐकत बसला व्हता."

मी लगेच चालत डॉक्टरांच्या घरी गेलो. गुरांचे डॉक्टर आमच्याच गावात राहतात. तीच गाडी, पण सगळ्यात खालचं मॉडेल. मी वाकून टायर बघितला. २३५, ६५, १७. रिम लहान आणि रबर चांगलं वीतभर जाड.

परत येऊन सांगितलं तेव्हा नाना ओट्याच्या पायरीवर बसले होते. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "इलास, मी एवढ्या सोयरिकी केल्या. किराणावाल्याला इचारलं, गिरणीवाल्याला इचारलं. पोरीला कवाच इचारलं न्हाई रं."

"सगळ्या काय वाईट न्हाई निघाल्या," काकू म्हणाली. "उठा, हे टरफल टाका भायेर."

दुसऱ्या दिवशी शेठच्या दुकानात वाद झाला. वाद माझाच माझ्याशी होता. एकोणीस इंची चाकांची मला लाज वाटते असं मी सगळ्यांना सांगत आलो होतो, पण ती काढून सतरा घालायची वेळ आली तेव्हा मला ती सोडवेना. मी शेठना विचारलं, "अठरा चालणार नाहीत का?" नाना माझ्याकडे बघत होते. त्यांना सगळं कळलं होतं, पण ते काही म्हणाले नाहीत, आणि मला ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

"अठरा चालत्याल," शेठ म्हणाले. "मधलं हाय. पर म्हातारीसाठी करायचं तर अर्धं कशाला?"

"सतराच," मी म्हणालो.

शेठनी आधी एक जुनं सतरा इंची रिम चढवून हाताने फिरवून पाहिलं. आत ब्रेकला कुठे घासत नव्हतं. टायर किती वजन पेलतो तो आकडाही त्यांनी तपासला. मग जमिनीवर एक जुना एकोणीसचा आणि एक नवा सतराचा टायर शेजारी शेजारी उभा करून दाखवला. दोन्हींची बाहेरची उंची जवळजवळ सारखी, त्यामुळे गाडीचं मीटरही खोटं बोलणार नव्हतं. फरक फक्त आतला.

नानांनी दोन्हींवर हात फिरवला. "उंची तीच," ते म्हणाले, "हाडं कमी, मांस जास्त."

गावात हसू झालंच. पारावरून आवाज आला, "इलासशेठ, इमानाला रिक्षाची चाकं?" मी काही बोलणार त्याआधी नानांनी काच खाली केली. "रिक्षात बायामाणसं सुखानं बसत्यात. तू तुझ्या बायकोला इचार, तुझ्या बुलेटवर कशी बसती." पारावर दुसऱ्याच माणसाचं हसू झालं.

भात काढून झालेलं होतं, खाचरं कोरडी पडली होती, तेव्हा आम्ही पुन्हा घाटघरला निघालो. या वेळी काकूला पुढे बसवलं, पाठीला तिची उशी. नानांनी तिला विचारून सीट मागे केली, विचारून थोडी वाकवली. आपटाळं गेलं. रस्ता होता तसाच होता. खड्डा लागायचा, गाडी डोलायची, पण तो धक्का वर येईपर्यंत विरून जायचा. मी आरशात नानांकडे बघत होतो आणि नाना काकूच्या मानेकडे. चावंड मागे पडलं, पण थांबव म्हणायचा आवाज आला नाही. बघतो तर काकूची मान कलली होती. तिला झोप लागली होती.

"हळू," नाना मागून कुजबुजले. "आता अजून हळू."

घाटघरला तिच्या भावाचं घर रस्त्यापासून थोडं आत, अरुंद बोळात. देवरामदादा दाराशीच खाटेवर होता. काकू आपल्या पायांनी चालत गेली आणि त्याच्या खाटेच्या कडेला बसली. फोनवर न कळणारं त्याचं बोलणं समोर बसल्यावर तिला सगळं कळत होतं.

"कशी आलीस?" त्याने विचारलं.

"इलासच्या गाडीतनं. झोप लागली मला."

"म्हातारी झालीस गं."

"तू काय नवरदेव दिसतोस व्हय?"

त्याचं अर्धं तोंड हसलं. तिने पदराने त्याच्या ओठाचा कोपरा पुसला. मी बाहेर आलो, कारण मला आत उभं राहवेना.

जेवणं झाली. दुपार कलली तशी माझी चुळबुळ सुरू झाली, अंधाराआधी खाली उतरायचं होतं. नाना काकूसमोर जाऊन बसले. सगळे ऐकत होते. त्यांनी विचारलं, "काय करायचं? यायचं का ऱ्हायचं? तू सांग."

काकूने दादाकडे बघितलं. "ऱ्हाते मी. दादा हाय तवर ऱ्हाते."

"बरं," नाना म्हणाले. "मंग मी बी ऱ्हातो."

अंगावरच्या कपड्यांनिशी आलेला माणूस. मी म्हणालो, "नाना, तुमचं सामान? घर?" ते म्हणाले, "किल्ली तुझ्याकडं हायच. शेवग्याला पाणी घाल."

ते परत आले नाहीत. देवरामदादा अजून आहे. नाना मात्र पुढच्याच पावसाळ्यात एका सकाळी चहा पिता पिता गेले. निरोप मिळाला तेव्हा घाटात दरड आली होती आणि मी पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. काकू तिथेच आहे. तिला न्यायला मी टायर बसवले आणि त्याच टायरांनी माझा शेजार उचलून वर नेऊन ठेवला. हे मी एकदा काकूला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "हे बी तुझ्यावरच घेतलंस व्हय?"

मी नानांना शेवटचं पाहिलं ते त्या दुपारी, घाटघरहून निघताना. बोळ अरुंद होता, गाडी मागे घ्यायची होती. नाना मागे उभे राहून हाताने सांगत होते, "येऊ दे, येऊ दे, डाव्या अंगाला, बास." एका खांबाशी चाक घासेल असं वाटलं तेव्हा त्यांनी वाकून टायर आणि खांब यांच्यामध्ये स्वतःचा पंजा धरला आणि मान हलवली, जागा आहे. गाडी रस्त्यावर आली. मी काच खाली करून काही म्हणणार होतो. तेवढ्यात पुढच्या सीटवरची उशी त्यांना दिसली. त्यांनी खिडकीतून हात घालून ती उचलली, काखेत मारली, आणि मला जा म्हणायचंही विसरून लगबगीने बोळात शिरले, कारण आतून काकू हाक मारत होती.